पेन्शनीत आलेल्या शिपायाचा माग
वाचकांचे प्रश्न : घराण्याचे दप्तर

प्रश्न : आमचे पणजोबा रत्नागिरी जिल्ह्यातील खेड तालुक्यातले. घरात आणि गावात सगळे त्यांना 'सुभेदार' म्हणत. पहिल्या महायुद्धात ते बसऱ्याकडे होते, तुर्कांच्या कैदेत पडले होते आणि सुटून आल्यावरही पुष्कळ वर्षे नोकरी करून मग पेन्शनीत आले, एवढेच आम्ही ऐकत आलो आहोत. घरात एक चांदीचे पदक, गणवेशातील एक छायाचित्र आणि जमिनीचे काही जुने कागद आहेत. युद्धात मृत्यू पावलेल्या सैनिकांच्या याद्या इंटरनेटवर पाहिल्या, त्यांत त्यांचे नाव नाही. त्यांची पलटण कोणती तेही आम्हांला ठाऊक नाही. शोध कोठून सुरू करावा? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : त्या याद्यांत आपल्या पणजोबांचे नाव नसणे हे अगदी अपेक्षित आहे, कारण त्या मृतांच्या याद्या आहेत आणि आपले पणजोबा जिवंत परत आले. जो शिपाई रणांगणावर पडला त्याचे नाव, वडिलांचे नाव, गाव आणि तालुका राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदींत बहुधा मिळतो. ज्याने शौर्यपदक मिळवले तो राजपत्रात सापडतो. पण ज्याने वीस-बावीस वर्षे चाकरी केली, दोन-तीन मोहिमा पाहिल्या आणि एके दिवशी ट्रंक घेऊन गावी परतला, त्याचा माग या दोन्ही ठिकाणी लागत नाही. त्याचे आयुष्य पलटणीच्या नोंदवहीत, पेन्शनच्या हिशेबात आणि गावच्या महसुली दप्तरात विखुरलेले असते, आणि ही तिन्ही दप्तरे उघडायला त्याच्या नावापेक्षा त्याचा पलटणीतला क्रमांक अधिक उपयोगी पडतो.

तो क्रमांक बहुधा आपल्या घरातच आहे. पदकाच्या दर्शनी बाजूवर पंचम जॉर्ज बादशहाचा मुखवटा आणि मागे घोड्यावर बसलेला नग्न पुरुष व १९१४ आणि १९१८ ही सालें असतील, तर ते 'ब्रिटिश वॉर मेडल' होय. लढाऊ शिपायांना ते चांदीचे मिळाले. त्याच्या कडेवर, म्हणजे नाण्याच्या जाडीवर, क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ही माहिती बारीक इंग्रजी अक्षरांत ठोकलेली असते. आपल्याकडे दसऱ्याला चिंच आणि राख लावून घरातील धातूच्या वस्तू उजळण्याची चाल असल्यामुळे पुष्कळ पदकांवरील अक्षरे झिजून गेली आहेत. आपल्याकडील पदक यापुढे तरी कोणी घासू नये. अंधाऱ्या खोलीत विजेरीचा प्रकाश कडेवर तिरपा टाकला किंवा पातळ कागद लावून त्यावर शिसपेन्सिल हलकेच फिरवली, तर डोळ्यांना न दिसणारी अक्षरेही पुष्कळदा उमटतात. क्रमांक मिळाला तरी त्याबरोबर पलटणीचे नाव असल्याखेरीज तो निरुपयोगी आहे, कारण त्या काळी हे क्रमांक पलटणीपुरतेच असत आणि एकच क्रमांक दोन पलटणींतील दोन वेगळ्या शिपायांचा असू शकतो.

समजा, कडेवरची अक्षरे पार गेली आहेत. तरीही 'तुर्कांच्या कैदेत होते' या एका वाक्यावरून शोधाचे क्षेत्र बरेच आवळता येते. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, हिंदी शिपाई फार मोठ्या संख्येने तुर्कांच्या हाती लागले ते कुत-अल-अमारा येथे, जेथे डिसेंबर १९१५ पासून वेढ्यात अडकलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनने अन्न संपल्यावर २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती पत्करली. या डिव्हिजनमध्ये तीन मराठा पलटणी होत्या : १०३ वी मराठा लाइट इन्फन्ट्री, ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री आणि ११७ वी मराठा. याशिवाय खडकीला मुख्यालय असलेल्या बॉम्बे सॅपर्स अँड मायनर्स या लष्करी अभियंता दलाच्या कंपन्याही त्या वेढ्यात होत्या आणि त्यांतही कोकणातील व देशावरील मराठे होते. १०५, ११४ आणि ११६ या मराठा पलटणीही मेसोपोटेमियात लढल्या, परंतु त्या कुतच्या वेढ्यात नव्हत्या. त्यामुळे कैदेची आठवण खरी असेल, तर सहांपैकी तीन पलटणी बाजूला पडतात. मात्र 'बसऱ्याला होते' एवढ्यावरून कैद गृहीत धरू नये, कारण त्या मोहिमेवर गेलेले बहुतेक शिपाई बसऱ्याच्या बंदरातच उतरले होते.

कैदेची खातरजमा करण्याचा आणखी एक मार्ग पदकांतूनच निघतो. कुतमध्ये सापडलेला शिपाई १९१५ साल संपण्यापूर्वीच मेसोपोटेमियात पोहोचलेला असल्यामुळे त्याला चांदीच्या पदकाखेरीज काशाचा '१९१४-१५ स्टार' आणि 'व्हिक्टरी मेडल' अशी एकूण तीन पदके मिळायला हवीत. आपल्याकडे चांदीचे एकच उरले आहे. बाकीची भावकीत वाटली गेली असतील किंवा मोडीत गेली असतील, तेव्हा चुलत घरांत विचारून पाहावे. स्टार सापडला तर त्याची मागची बाजू अवश्य वाचावी, कारण त्यावर बहुधा युद्धाच्या आरंभीचा हुद्दा असतो, तर चांदीच्या पदकावर पुढे मिळालेला. एकावर शिपाई आणि दुसऱ्यावर नाईक असे निघाले, तर बढतीचा काळ आपोआप कळतो.

कैदेत गेलेल्या शिपायांचे जे हाल झाले ते येथे विस्ताराने सांगत नाही. वाळवंटातून पायी चालवत नेऊन त्यांतील अनेकांना रस-अल-ऐनच्या बाजूला बगदाद रेल्वेच्या कामावर लावण्यात आले आणि फार मोठ्या संख्येने ते तेथेच संपले. रेडक्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीने पहिल्या महायुद्धातील युद्धकैद्यांच्या नोंदी २०१४ मध्ये इंटरनेटवर खुल्या केल्या आहेत. त्या जुन्या पत्रकांच्या छायाप्रती असून नाव टाकताच उत्तर मिळेल अशी सोय तेथे नाही, शिवाय हिंदी शिपायाची नोंद सापडेलच असेही नाही. म्हणून हा मार्ग पलटण आणि क्रमांक कळल्यावरच धरावा.

पलटण कळली की पुढचा घोटाळा तिच्या नावांचा असतो. एकाच माणसाच्या एका नोकरीत त्याच्या पलटणीचे नाव दोनदा बदललेले असू शकते. लॉर्ड किचनेर यांनी १९०३ मध्ये हिंदी सैन्याची फेरआखणी केली तेव्हा जुन्या मुंबई इलाख्याच्या पायदळ पलटणींच्या क्रमांकांत शंभर मिळवण्यात आले, म्हणून ३ री बॉम्बे लाइट इन्फन्ट्री ही १०३ वी झाली आणि १७ वी बॉम्बे इन्फन्ट्री ११७ वी. पुढे १९२२ मध्ये या सहा पलटणी एकत्र करून '५ वी मराठा लाइट इन्फन्ट्री' ही रेजिमेंट बनवली गेली. तिच्यात १०३ वी पलटण पहिली बटालियन झाली, १०५ वी दुसरी, ११० वी तिसरी, ११६ वी चौथी, ११७ वी पाचवी आणि ११४ वी दहावी, म्हणजे बेळगावची प्रशिक्षण बटालियन. कागदावर '३/५ मराठा' असे दिसले तर तो अपूर्णांक नव्हे. पाचव्या मराठा रेजिमेंटची तिसरी बटालियन, म्हणजेच पूर्वीची ११० वी पलटण, असा त्याचा अर्थ. घरात 'जंगी पलटण' किंवा 'काळी पाचवी' ही नावे कानांवर आलेली असतील तर तीही जमेस धरावीत, कारण पहिले नाव १०३ व्या पलटणीचे आणि दुसरे १०५ व्या पलटणीचे आहे.

आता 'सुभेदार' या पदवीविषयी. कोकणात आणि साताऱ्याकडे हवालदार होऊन पेन्शनीत आलेल्या माणसाला गाव आदराने सुभेदार म्हणत असे, आणि एकदा वाड्याला सुभेदारांचा वाडा म्हटले की नातवंडांना त्यात शंका घेण्याचे कारण उरत नाही. ही बढती गावाने दिली की सरकारने, हे तपासणे मात्र सोपे आहे. जमादार, सुभेदार आणि सुभेदार मेजर हे हिंदी अधिकारी मानले जात आणि त्यांची नावे 'इंडियन आर्मी लिस्ट' या छापील सरकारी पुस्तकात पलटणवार दिलेली असत, सोबत तो हुद्दा मिळाल्याची तारीखही. हवालदार व त्याखालील शिपायांची नावे तीत नसत. म्हणून १९१९ ते १९३० या काळातील याद्यांत त्यांच्या पलटणीचे पान पाहावे. नाव सापडले तर बढतीची तारीख हाती लागते आणि नाव ज्या वर्षी यादीतून गळते त्याच्या आसपास ते निवृत्त झाले असे समजता येते. या याद्यांचे अनेक खंड आता इंटरनेटवर मोफत वाचता येतात. छायाचित्रही बोलके असते : बाहीवर तीन पट्टे असतील तर हवालदार, दोन असतील तर नाईक, आणि बाही कोरी असून खांद्यावर चिन्हे व कमरेला तलवार असेल तर हिंदी अधिकारी. छायाचित्राच्या पुठ्ठ्यावर स्टुडिओचे आणि गावाचे नाव छापलेले असते, त्यावरून पलटणीची छावणी कळू शकते.

नाव शोधताना इंग्रज कारकुनाने ते कसे ऐकले असेल याचा विचार करावा. सखाराम हा 'सुखाराम' होतो, गणपत 'गुणपुत' होतो, आडनाव कधी गाळले जाते आणि कधी वडिलांचे नावच आडनावाच्या जागी बसते. आपल्या बाबतीत खेड या नावानेही फसगत होऊ शकते, कारण पुणे जिल्ह्यातही खेड तालुका आहे आणि दोन्हींकडून मराठा पलटणींत भरती होत असे. नोंदीत जिल्हा रत्नागिरी असल्याची खात्री केल्याशिवाय कोणताही सखाराम आपला मानू नये.

लष्करी कागदांसाठी दोन ठिकाणी लिहावे लागेल. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आणि तिचे अभिलेख कार्यालय बेळगावला आहे. तेथे पाठवायच्या पत्रात क्रमांक, नाव, वडिलांचे नाव, गाव, पलटण, भरती व निवृत्तीचा अंदाजे काळ आणि आपले त्यांच्याशी असलेले नाते एवढे स्पष्ट लिहावे. 'आमचे पणजोबा सुभेदार होते, माहिती द्यावी' अशा पत्राला कोणतेही कार्यालय उत्तर देऊ शकत नाही. पलटण रोज काय करीत होती हे युद्धदैनंदिनीत असते. मेसोपोटेमियातील तुकड्यांच्या दैनंदिन्या लंडनमध्ये क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, आणि नवी दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने आपल्याकडील लष्करी खात्याचे पुष्कळ कागद 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावर चढवले आहेत. दैनंदिनीत साध्या शिपायाचे नाव क्वचितच येते, पण पणजोबा त्या वर्षी कोठे होते ते दिवसागणिक कळते.

तरीही अशा शिपायाचे सर्वांत जिवंत चित्र गावच्या दप्तरात मिळते असे माझे मत आहे, आणि आपल्याकडे जमिनीचे कागद आहेत म्हणून हे अधिक सविस्तर लिहितो. पलटणीतला माणूस पगारातून गावी पैसे पाठवी, त्यातून भावाचे कर्ज फिटे, गहाण पडलेले शेत सुटे आणि पेन्शनीत आल्यावर एखादा नवा तुकडा विकत घेतला जाई. या प्रत्येक व्यवहाराचा फेरफार झालेला असतो. जमिनीच्या सातबाऱ्यावर फेरफारांचे जे क्रमांक वर्तुळात लिहिलेले असतात, ते उतरवून घेऊन तालुक्याच्या अभिलेख कक्षातून त्या फेरफारांच्या नकला मागवाव्यात. जुन्या नोंदी मोडीत असण्याची शक्यता मोठी असल्याने मोडी वाचणारा माणूस आधीच गाठून ठेवावा. खरेदीच्या नोंदीत 'हल्ली पलटणीत नोकरीस' असा शेरा मिळाला, तर त्या तारखेला ते नोकरीत होते हे कळते. त्यांच्या मृत्यूनंतरच्या वारस नोंदीत मृत्यूचा दिनांक आणि सर्व मुला-मुलींची नावे मिळतात. महायुद्धातील सेवेबद्दल काही शिपायांना 'जंगी इनाम' म्हणून दोन पिढ्यांपुरती रोख नेमणूक मिळाली होती. आपल्या आजोबांनाही सरकारकडून काही रक्कम मिळत असल्याची आठवण घरात असेल, तर ती याच इनामाची असू शकते.

गाव नमुना १४ म्हणजे जन्ममृत्यूची नोंदवही, जिला लोक कोतवाल बुक म्हणतात, ती गेल्या काही वर्षांत जातीच्या दाखल्यांसाठी सर्वत्र शोधली गेल्यामुळे पुष्कळ तालुक्यांत आता सुस्थितीत आणि कार्यालयांच्या परिचयाची आहे. तीत पणजोबांच्या मुलांच्या जन्मतारखा पाहाव्यात. पलटणीतला बाप रजेवर केव्हा आला होता हे मुलांच्या जन्मतारखांवरून बऱ्याच अचूकपणे कळते, आणि १९१५ ते १९१९ या काळात घरात एकही जन्म नसेल तर कैदेच्या हकिगतीला तो चांगला आधार होईल. खेरीज, कैदेतून सुटून आलेला माणूस देवाला गेल्यावाचून राहिला नसेल. त्र्यंबकेश्वर, नाशिक किंवा पंढरपूर येथील आपल्या घराण्याच्या तीर्थोपाध्यायांकडे नामावळीची वही असते, आणि तीत त्यांनी स्वतःच्या हाताने पलटण आणि हुद्दा लिहिलेला सापडणे अशक्य नाही.

प्रश्न : माझे आजोबा १९४१ च्या सुमारास मराठा रेजिमेंटमध्ये भरती झाले आणि युद्ध संपल्यावर सुटून आले. ते इटलीत लढले असे सांगत. पेन्शन नव्हती. त्यांची नोंद बेळगावला मिळेल काय? – एक वाचक, कराड

उत्तर : मिळेल, परंतु तुटपुंजी. ज्यांना निवृत्तिवेतन लागू नव्हते अशा शिपायांचे सविस्तर सेवापत्रक साधारण २५ वर्षांनी नष्ट करण्याचा लष्कराचा नियम आहे, त्यामुळे आजोबांचे मूळ कागद आता उरलेले नसावेत. उरते ते 'लाँग रोल' नावाचे मोठे रजिस्टर, ज्यात क्रमांक, नाव, भरतीची तारीख, सुटकेची तारीख आणि सुटकेचे कारण एवढ्याच गोष्टी असतात. आपल्या पत्रात याच रजिस्टरचा नावाने उल्लेख करून उतारा मागावा. कार्यालयाकडून 'कागदपत्रे नष्ट झाली' असे उत्तर आले तरी ते सेवापत्रकाविषयी असते, हे लक्षात ठेवून पुन्हा एकदा लाँग रोलविषयी विचारावे. त्याआधी घरात 'डिस्चार्ज सर्टिफिकेट' शोधावे. सुटून येणाऱ्या प्रत्येकाला ते मिळे आणि ते बहुधा जमिनीच्या कागदांच्या पुडक्यातच बांधलेले असते.

पदके असतील तर त्यांत 'इटली स्टार' आहे का ते पाहावे. तो ११ जून १९४३ नंतर त्या आघाडीवर सेवा केलेल्यांना मिळाला. दुसऱ्या महायुद्धाची पदके ब्रिटिश शिपायांना कोरी दिली गेली, पण हिंदी शिपायांच्या पदकांवर क्रमांक आणि नाव घालण्याची पद्धत होती, तेव्हा ताऱ्याची मागची बाजू वाचून पाहावी. इटलीत मराठा रेजिमेंटच्या पहिल्या आणि तिसऱ्या बटालियनांनी नाव काढले. तिसऱ्या बटालियनचे नाईक यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ च्या, अपर टायबर खोऱ्यातील, आणि पहिल्या बटालियनचे नामदेव जाधव यांना ९ एप्रिल १९४५ च्या, सेनिओ नदीकाठच्या पराक्रमाबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला; घाडगे यांना तो मरणोत्तर देण्यात आला. आजोबांच्या बोलण्यात यांपैकी कोणाचे नाव वारंवार येत असेल, तर त्यांची बटालियन कोणती याचा तो चांगला धागा ठरेल. बटालियन कळल्यावर नवी दिल्लीतील संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागाकडे त्या काळच्या कागदपत्रांविषयी विचारणा करावी.

प्रश्न : आमचे पूर्वज १८८० च्या आसपास इंग्रजांच्या फौजेत होते आणि दापोलीला पेन्शनीत राहत, असे आजी सांगत असे. आम्ही महार समाजाचे. महार रेजिमेंटकडे चौकशी केली, पण त्यांच्याकडे काही नाही. – एक वाचक, नागपूर

उत्तर : आपण ज्या दारी गेलात तेथे ही नोंद असण्याचा संभव नव्हता, कारण महार रेजिमेंट १९४१ मध्ये बेळगावला उभी राहिली. त्याआधी पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ मध्ये, १११ वी महार ही पलटण काढून युद्धानंतर मोडण्यात आली होती, आणि त्याही आधी, आपल्या पूर्वजांच्या काळात, महार शिपाई मुंबई इलाख्याच्या निरनिराळ्या पायदळ पलटणींत विखुरलेले होते. १८९२-९३ च्या सुमारास त्यांची भरती सरकारने बंद केली. निवृत्त लष्करी नोकर गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये सरकारकडे जे विनंतिपत्र लिहिले ते याच अन्यायाविरुद्ध, आणि तेही दापोलीलाच स्थायिक झालेले होते. दापोली कॅम्प ही कोकणातील पेन्शनरांची वस्तीच होती. तेव्हा आजीची आठवण त्या काळाशी आणि त्या ठिकाणाशी नीट जुळते.

नाव शोधताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. त्या काळच्या महार शिपायांची नावे पुष्कळदा 'नाक' या प्रत्ययाने संपतात, जसे रामनाक, सिदनाक. कोरेगाव भीमा येथील १ जानेवारी १८१८ च्या लढाईच्या स्तंभावरही अशी नावे कोरलेली आहेत. लष्करी नोंदीत आडनाव नसण्याची शक्यता मोठी आहे, म्हणून आजचे आडनाव घेऊन शोधल्यास हाती काहीच लागणार नाही. शिपायाचे नाव, वडिलांचे नाव आणि गाव या तिघांची जोडी जमवावी. दुसरे म्हणजे, आडनाव नोकरीनंतर बदललेले असू शकते. सुभेदार रामजी सकपाळ हे महूच्या लष्करी शाळेत शिक्षक होते आणि निवृत्तीनंतर काही काळ दापोलीला व पुढे साताऱ्याला राहिले. त्यांच्या मुलाचे नाव ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले तेव्हा रजिस्टरमध्ये ते 'भिवा रामजी आंबेडकर' असे लिहिले गेले, म्हणजे सकपाळ हे आडनाव जाऊन आंबडवे या मूळ गावावरून नवे आडनाव आले.

आपल्या घराण्यातही असेच घडले असेल, तर त्याचा पुरावा शाळेच्या जनरल रजिस्टरमध्येच मिळेल. म्हणून दापोली कॅम्प आणि आसपासच्या जुन्या प्राथमिक शाळांची १८८० ते १९१० या काळातील रजिस्टरे आधी पाहावीत. त्यांत विद्यार्थ्याच्या जातीबरोबर पालकाच्या धंद्याचीही नोंद असेल, तर 'पेन्शनर' या शब्दासमोरची नावे बाजूला काढावीत. त्यानंतर पूर्वजांचे मूळ गाव कळल्यास तेथील महार वतनाच्या नोंदी तहसील कार्यालयात मागाव्यात, कारण पलटणीत गेलेल्या माणसाचा वतनातील वाटा सहसा भावांच्या नावे चालू राहत असे आणि त्या नोंदींत त्याचे नाव वडिलांच्या नावासह मिळते. मूळ गाव दापोली तालुक्यातच निघाले, तर ही दोन्ही कामे एकाच फेरीत होतील. जाताना मोडी वाचणारा माणूस सोबत असावा आणि आजीच्या माहेरच्या व सासरच्या माणसांची जेवढी नावे आठवतील तेवढी लिहून न्यावीत.